वाचक विचारतात: जकातीतून चालणाऱ्या लीडरशिप प्रोग्रामचा फायदा झाला हे ओळखायचं कसं?

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की जकातीच्या (ऐपतीच्या मुस्लिमाने दरवर्षी हक्कदारांसाठी काढायच्या सक्तीच्या दानाच्या) पैशातून तरुणांसाठी लीडरशिप प्रोग्राम चालवणाऱ्या संस्थांनी नुसते फोटो पाठवण्यापेक्षा त्या मुलामुलींच्या आयुष्यात आणि त्यांच्या आजूबाजूला काय बदललं ते सांगावं. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी दुसरा विषय घेतलाच नाही. डोनर आहेत, ट्रस्टी आहेत, कोऑर्डिनेटर आहेत, आणि एका सहभागी मुलीचं पत्र आहे, ते मी सगळ्यात आधी वाचलं पण उत्तर शेवटी दिलंय, कारण त्याआधी बाकीचं बोलून व्हायला हवं. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न: मी दरवर्षी हिशोब करून जकात काढतो. यंदा एका संस्थेने तरुणांच्या लीडरशिप ट्रेनिंगसाठी मागितली. जकात तर गरिबांचा हक्क, मग ट्रेनिंगला चालते का? आणि चालत असेल तर पैसा नीट लागला हे मला कळणार कसं?

भाई, तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत आणि ते बरंच केलंत, कारण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात आहे.

कुरआनातल्या सूरह तौबाच्या (सूरह म्हणजे अध्याय) ६०व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत: फकीर, मिस्कीन, जकातीचं काम करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सोडवायचे ते, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातलं काम, आणि वाटेत अडकलेला मुसाफिर. यात 'तरुण' किंवा 'लीडर' असा नववा रकाना नाही. म्हणजे संस्थेला यातल्याच कुठल्यातरी दारातून यावं लागतं, आणि कुठल्या दारातून आलात हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक दार सरळ आहे. मुलगा किंवा मुलगी स्वतःच गरजू आहे, मुस्तहिक (जकातीचा हक्कदार) आहे, तर त्याला जकात देता येते. हनफी (इस्लामी कायद्याच्या परंपरांपैकी एक) मताप्रमाणे तमलीक लागते, म्हणजे पैसा त्या माणसाच्या मालकीचा व्हायला हवा, संस्थेने परस्पर हॉलचं भाडं भरलं आणि स्पीकरला मानधन दिलं तर ती अट पुरी होत नाही, म्हणून बऱ्याच संस्था स्कॉलरशिप मुलाच्या हातात देतात आणि मग तो त्यातून फी भरतो. दुसरं दार 'फी सबीलिल्लाह'चं, म्हणजे अल्लाहच्या मार्गातल्या कामाचं. जुन्या फुकहांपैकी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांपैकी, बहुतेकांनी याचा अर्थ बराच मर्यादित घेतला, विसाव्या शतकात रशीद रिदा, युसूफ करदावी यांच्यासारख्या विद्वानांनी आपापल्या पद्धतीने तो रुंद केला, आणि मक्केतल्या राबिता या जागतिक मुस्लिम संघटनेच्या फिकह (इस्लामी कायदा) परिषदेने १९८५ साली दावतचं, म्हणजे इस्लामकडे बोलावण्याचं, काम त्यात धरलं. सगळे उलेमा यावर एकमत नाहीत, तुम्ही ज्यांना मानता त्या मुफ्तींना (धार्मिक निर्णय देणाऱ्यांना) विचारा, मी मुफ्ती नाही.

पण मोजमापाचं म्हणाल तर माझ्या लेखी पहिला आकडा हाच. शंभर भागांपैकी किती भाग खऱ्या हक्कदारापर्यंत पोचले, पात्रता कुणी आणि कशी तपासली, कर्मचाऱ्यांचा हिस्सा किती. समजा ४० जणांची बॅच झाली, सगळे छान बोलायला लागले, पण त्यातले १५ जण खाऊनपिऊन सुखी घरातले निघाले आणि जकातीतूनच बसले, तर त्या १५ जणांच्या बाबतीत पुढचे सगळे आकडे निरर्थक आहेत, ज्याचा हक्क होता तो बाहेरच राहिला. असा हिशोब मागताना संकोच वाटू देऊ नका. बुखारी या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या) संग्रहात इब्नुल लुतबिय्या यांचा किस्सा आहे, जकात गोळा करून परत आले तेव्हा खुद्द पैगंबरांनी (स.अ.) त्यांच्याकडून हिशोब घेतला, आणि "हे तुमचं, हे मला भेट मिळालं" असं ते म्हणाले तेव्हा विचारलं की आईवडिलांच्या घरी बसून राहिला असतास तर ही भेट मिळाली असती का. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास असं जे आपल्याकडे मानलं जातं ते बरोबर नाही.

प्रश्न: आम्ही दोन वर्षं जकातीतून लीडरशिप प्रोग्राम चालवतोय, एकूण ४० तरुण झाले. हजेरी ९० टक्क्यांवर, फीडबॅक ५ पैकी ४.८, मुलं रडून निरोप घेतात. तरी एक मोठे डोनर म्हणाले, "इम्पॅक्ट दाखवा." अजून काय दाखवायचं?

ट्रस्टीसाहेब, मुलं रडली हे खरंच छान आहे, खोटं म्हणत नाही. पण ४.८चा अर्थ एवढाच की मुलांना आवडलं. ट्रेनिंगच्या क्षेत्रात १९५९पासून डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्या वापरतात: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि त्यातून काही घडलं का. तुम्ही पहिल्या पायरीवर उभे आहात आणि डोनर चौथीबद्दल विचारतायत.

पहिल्या पायरीवर विसंबून का राहू नये याचं एक उदाहरण सांगते, ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरविल या दोन गावांत १९३९ साली एक उपक्रम सुरू झाला, ५०६ मुलगे घेतले, सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला मदत दिली, दुसऱ्याला नाही. मदत म्हणजे घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं, सगळं मनापासून केलेलं. जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांना ३० वर्षांनी शोधून काढलं आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण म्हणाले की आम्हाला फायदा झाला. आणि नोंदी काय सांगत होत्या, तर मदत मिळालेला गट काही बाबतींत दुसऱ्या गटापेक्षा वाईट होता, दारूच्या व्यसनाची लक्षणं जास्त, वारंवार गुन्हे करणारे जास्त. माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. दुसरा गट नसता तर हे कधी कळलंच नसतं.

मग बघायचं काय? माझं ठाम मत आहे की लीडरशिप मुलाच्या मनात शोधू नका, आजूबाजूच्या लोकांत शोधा. एका कमिटीचं काम बघायला मी गेले होते, तिथे एका प्रोग्राममधून आलेली तरुणी सभासद होती. रिपोर्टमध्ये लिहिलेलं "कमिटीत सक्रिय". मी मिनिट्सचं रजिस्टर मागितलं आणि अकरा महिन्यांच्या बैठका एकेक करून वाचल्या. हजेरीत तिची सही प्रत्येक वेळी, निळ्या शाईत, नीट. पण सूचक कोण, अनुमोदक कोण, काम कुणाकडे दिलं, तिथे आठ महिने तिचं नाव एकदाही नाही. नवव्या महिन्यात पहिल्यांदा एक ओळ सापडली, विधवांच्या मदतीची यादी नव्याने तपासायचं काम तिच्याकडे दिलं. दहाव्यात तिने यादी मांडली, सात नावं वाढली होती, दोन कमी झाली होती. अकराव्यात तिची सूचना मंजूर. त्या तीन ओळी मला अख्ख्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगून गेल्या, आणि आधीचे आठ कोरे महिनेही तितकंच सांगत होते, कारण ती पहिल्या दिवसापासून तयारच होती, तिला काम देणारं कुणी नव्हतं.

आणि इथे आपण मोठी माणसं येतो. पैगंबरांनी उसामा बिन झैद यांना लष्कराचं नेतृत्व दिलं तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते, लोकांनी कुजबुज केली, तर पैगंबरांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली. जबाबदारी दिली आणि पाठीशी उभे राहिले, दोन्ही. आपण काय करतो, मुलाला सहा महिने ट्रेनिंग देतो, सर्टिफिकेट देतो आणि खुर्च्या लावायला सांगतो, आणि वर्षभराने विचारतो लीडर का झाला नाही. म्हणून तुमच्या मोजमापात अर्धे प्रश्न मुलांना आणि अर्धे तुमच्या स्वतःच्या कमिटीला हवेत. किती तरुणांना मतदानाचा हक्क असलेली जागा दिली? सहीचा अधिकार किती जणांना? तरुणाने सुचवलेली आणि तुम्ही मान्य केलेली गोष्ट शेवटची कधी? तुमच्या ४० जणांपैकी एकही तुमच्याच ट्रस्टवर नसेल तर डोनरला रिपोर्ट पाठवण्याआधी त्यावर एक बैठक घ्या.

बाकी साध्या गोष्टी: सुरुवातीलाच बेसलाइन, म्हणजे आधीच्या स्थितीची नोंद, घ्या, नंतर आठवून लिहू नका. १२ आणि २४ महिन्यांनी परत विचारा. मुलाने होय म्हटलं की थांबू नका, ज्याच्यासाठी त्याने काम केलं त्याला विचारा, त्याच्या घरच्यांना विचारा, आणि विचारणारा माणूस तुमच्या प्रोग्रामचा नको. एक ठरलेली फसगत टाळा, ती म्हणजे वर्षाने ४० पैकी २२ जणच फोन उचलतात, त्यातले १८ म्हणतात फायदा झाला, आणि रिपोर्टमध्ये ८२ टक्के छापून येतं. बॅच ४०ची होती, तर छातीठोकपणे सांगता येतं ते ४५ टक्क्यांबद्दलच. जे फोन उचलत नाहीत ते का उचलत नाहीत, हे शोधायला एक माणूस पाठवा, बरंच काही कळेल.

प्रश्न: आमच्याकडे उलटंच झालं. प्रोग्रामच्या आधी मुलांनी "मला टीम सांभाळता येते" याला सरासरी ४.१ गुण दिले, नंतर ३.४. वरिष्ठ म्हणतात हा आकडा रिपोर्टमध्ये नको. काय करू?

आकडा ठेवा. आणि लपवायला सांगणाऱ्यांना नम्रपणे सांगा की ही अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आहे.

असं होतं आणि त्याला कारण आहे. आधी मुलाला टीम सांभाळणं म्हणजे काय हेच माहीत नसतं, मोठ्याने बोलता आलं की झालं असं वाटतं, म्हणून तो ४ ठोकतो. मग खरोखर पाच जणांचं काम बघायला लागतं, भांडण मिटवायला लागतं, एकजण रुसून घरी जातो, आणि त्याला कळतं की आपल्याला अजून बरंच यायचंय. मोजपट्टीच बदलली. संशोधक याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात. यावर उपाय असा की शेवटी दोन प्रश्न शेजारी शेजारी विचारा: आज तुम्ही स्वतःला किती गुण द्याल, आणि आज मागे वळून बघितलं तर तेव्हाच्या स्वतःला किती द्याल. पण यातही माणूस आयोजकांना बरं वाटावं म्हणून जुने गुण कमी लावतो, त्यामुळे सोबत प्रत्यक्ष काम बघाच, एखादी छोटी जबाबदारी देऊन ती पार कशी पडते ते. आणि घसरण खरीच असू शकते, ही शक्यताही मोकळ्या मनाने तपासा, दरवेळी रिस्पॉन्स शिफ्टच्या आड लपू नका.

प्रश्न: एका सल्लागारांनी सांगितलं की अर्ज केलेल्यांपैकी निम्म्यांना प्रोग्राम देऊ नका, तुलनेसाठी ठेवा. हक्कदाराला मुद्दाम थांबवणं जुलूम नाही का? शिवाय या सगळ्याचा खर्च जकातीतून करावा का?

मुद्दाम थांबवायचं नाहीच. पण स्वतःला विचारा, ७० पात्र अर्ज आले आणि जागा ३५ असतील तर तुम्ही आत्ता काय करता? इंटरव्ह्यू घेऊन सगळ्यात चुणचुणीत ३५ घेता. मग वर्षाने ते पुढे गेले की प्रोग्रामचं नाव होतं, पण ती मुलं तुमच्याशिवायही पुढे गेलीच असती, आणि जी बुजरी होती, जिला खरी गरज होती, ती इंटरव्ह्यूतच बाहेर पडली. हा जुलूम आपल्याला दिसत नाही कारण तो सवयीचा झालाय.

जागा कमी आणि हक्क सारखा, अशा वेळी चिठ्ठी टाकणं, कुरआ, ही आपल्याला परकी गोष्ट नाही. मरियमच्या सांभाळासाठी कलमं (लेखण्या) टाकल्याचा उल्लेख सूरह आल इमरानमध्ये आहे, पैगंबर यूनुस यांच्या गोष्टीत चिठ्ठी आहे, प्रवासाला जाताना सोबत कोण येणार यासाठी पैगंबर घरात कुरआ टाकायचे असं बुखारीत आलंय. तर ७० जणांत चिठ्ठी टाका, ३५ या वर्षी, ३५ पुढच्या वर्षी, आधीच सगळ्यांना सांगून, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही गट बघा. दुसऱ्यांचा नंबर लगेच पुढे आहे, त्यांचं काही हिरावलं नाही. हे फक्त ट्रेनिंगच्या जागेबद्दल हं. अन्न, औषध, कर्ज, फी यात चिठ्ठी नाही, तिथे जास्त गरजू आधी.

खर्चाचं: कर्मचाऱ्यांचा हिस्सा आयतीतच आहे, शाफई या दुसऱ्या परंपरेच्या मताप्रमाणे तो जास्तीत जास्त एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के, आणि इंडोनेशियासारख्या देशात तीच कमाल मर्यादा धरतात. पात्रता तपासणं, हिशोब ठेवणं हे त्या कामात येतं असं म्हणायला जागा आहे. पण दोन वर्षांनी पुन्हा भेटी, बाहेरचा तपासनीस, हे सदका (ऐच्छिक दान) किंवा वक्फच्या (धर्मादाय राखून ठेवलेल्या मालमत्तेच्या) पैशातून करा. अडचण वेगळीच आहे ती सांगते, जकात अडकवून ठेवायची नसते, ती वेळेत हक्कदाराकडे जायला हवी, आणि लीडरशिप दिसायला तीनचार वर्षं लागतात, या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही. म्हणून मोजमापाचा पैसा वेगळा, पहिल्या दिवशीच बाजूला काढलेला हवा. डोनरनी इम्पॅक्ट मागताना त्यासाठी थोडा सदकाही द्यावा ही माझी त्यांना मनापासून विनंती.

प्रश्न: इस्लामी लीडरशिप म्हणता तर ईमान (श्रद्धा) आणि अखलाक (आचरण) कसे मोजणार? आमच्याकडे नमाजचा तक्ता भरून घेतात.

ईमान मोजता येत नाही, आणि प्रयत्नही करू नये. वागण्यातलं काही बघता येतं. इंडोनेशियात २०१५च्या सुमारास इरफान स्याउकी बेक आणि लैली द्वी अर्स्यांती यांनी सिबेस्ट नावाची पद्धत मांडली, तिच्यात जकात घेणाऱ्या कुटुंबाची पैशाची बाजू आणि आध्यात्मिक बाजू दोन्ही बघून चार चौकटी करतात, आध्यात्मिक बाजूसाठी नमाज, रोजा, जकात-सदका, घरातलं वातावरण आणि सरकारी धोरण यांना १ ते ५ गुण. मला त्यातली एक गोष्ट पटते, की पैसा वाढला आणि माणूस आतून रिकामा झाला तर त्याला यश म्हणायचं नाही. पण ती कुटुंबांची पाहणी आहे. मुलांनी रोज भरायचा आणि भिंतीवर लावायचा तक्ता वेगळा. तो भरायला लागला की मूल एकतर खोटं लिहितं किंवा दाखवण्यासाठी नमाज पढतं, आणि रियाची, म्हणजे देखाव्याची, सवय आपणच लावतो. तक्ता काढून टाका. अखलाकचं बघायचं तर सोप्या खुणा आहेत: घेतलेले पैसे वेळेवर परत आले का, दिलेला शब्द पाळला का, हिशोबाची वही जुळते का, भांडणात दुसऱ्याची बाजू ऐकली का.

प्रश्न: ताई, मी गेल्या वर्षीच्या बॅचमधली. आमच्या आयोजकांना माझा व्हिडिओ हवाय, घर कसं आहे, अब्बा गेल्यावर कसे दिवस काढले, आणि प्रोग्रामने कसं बदललं. त्यांचे उपकार आहेत, नाही कसं म्हणू? मी सातवीच्या मुलींना गणित शिकवते ते कुणी विचारलंच नाही.

बेटा, नाही म्हणायचं. आणि उपकार हा शब्द आधी काढून टाक. जकात तुझा हक्क होता, देणाऱ्याने फर्ज पुरं केलं, संस्थेने पोचवलं. सूरह बकराच्या २६४व्या आयतीत स्पष्ट आहे की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले सदके वाया घालवू नका, आणि २७१व्यात आहे की गरिबाला गुपचूप दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं.

मी एकदा अशाच एका समारंभात बसले होते, नाव नको त्या संस्थेचं. स्टेजवर एका मुलाला उभं केलं आणि आधी किती हाल होते ते सांगायला लावलं. तो बोलत होता आणि डाव्या हाताने कुर्त्याची शेवटची गुंडी सारखी फिरवत होता, उघडायचा, लावायचा, उघडायचा. तिसऱ्या रांगेत त्याच्या शाळेतले दोघे बसले होते. टाळ्या खूप पडल्या. त्या संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये त्याच्या आत्मविश्वासाबद्दल लिहिलेलं होतं.

आयोजकांना असं लिही: "माझ्या घराबद्दल आणि अब्बांबद्दल मी कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही. माझ्या कामाची माहिती लेखी देईन, नाव न छापता वापरायची असेल तर वापरा." एवढंच, माफी मागू नकोस, कारण द्यायचीही गरज नाही. याने तुझी स्कॉलरशिप थांबवली तर मला कळव, मी त्यांच्याशी स्वतः बोलेन. आणि हे पत्र वाचणाऱ्या आयोजकांना सांगते, संमतीचा कागद मदत देण्याच्या दिवशी सही करून घेऊ नका, त्या दिवशी कुणीच नाही म्हणू शकत नाही. नंतर घ्या, वेगळ्या माणसाकडून घ्या, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते हे त्यातच लिहा.

आता जे तुला कुणी विचारलं नाही ते मी विचारते. किती मुली येतात? आठवड्यातून किती दिवस? मध्येच कुणी सोडून गेली का, आणि का? तू आजारी पडलीस त्या दिवशी वर्ग बंद राहिला की कुणी चालवला? त्यांच्यातली एखादी आता सहावीच्या मुलींना शिकवायला लागलीये का? सावकाश लिही, घाई नाही.